शंभराला एक

उद्यमबागेत सव्वीस वर्षं मी
लाकडाचे पॅटर्न केले,
पंपाचे, व्हॉल्व्हचे, कुणाच्या कुठल्या मशिनीचे.
पुरी मशीन कधी पाहिली नाही.
पॅटर्न नेहमी थोडा मोठा करायचा.
बीड थंड होताना आकसतं,
शंभराला एक.
त्यासाठी आमची पट्टीच वेगळी असते,
तिच्यावरचा इंच इंचापेक्षा किंचित लांब.
नवख्या पोराला ती खोटी वाटते.

वैजयंता जाऊन दहा महिने झाले.
तिथल्या इस्पितळात रात्रपाळी.
फोनवर ती आधी खिडकी दाखवते, मग स्वतःला.
आता मी जायचं.
एजंट म्हणाला, तुमचं सोपं, तुम्ही डिपेंडंट.
आणि व्यवसायाच्या रकान्यात
मला न विचारता त्यानं आडवी रेघ मारली.
रेघ सरळ नव्हती.
माझ्या डोळ्याला ते कळतंच.

लग्नाचा दाखला कन्नडमध्ये.
जन्माच्या दाखल्यावर बेळगाव,
पासपोर्टवर बेळगावी.
ही दोन गावं नाहीत, एकच आहे,
आणि त्यात जन्मलेला तो मीच,
असं स्टँपपेपरवर लिहून दिलं.
शिक्का मारता मारता नोटरी म्हणाला,
'हेंड्ती हिंद होंटी एन, परशराम?'
बायकोच्या मागनं निघालास व्हय,
हे पानपट्टीवर मराठीत विचारून झालं होतं.
दोन्हीकडं मी 'होय की' म्हणालो.

टिळकवाडीत बेकरीच्या माडीवर जर्मनचा क्लास.
विशीतल्या नर्सपोरी,
आणि नखांत भुसा घेऊन मी.
मॅडम म्हणाल्या, यांचे आकडे उलटे,
आधी एक, मग वीस.
पोरी हसल्या.
मी म्हणालो, आपलंबी तसंच की,
एक-वीस, बा-वीस.
मागच्या बाकावरनं शिवलीला हळूच म्हणाली,
'इप्पत्तोंदु.'
त्यांच्यात वीस आधी.
खालून टोस्टचा वास येत होता.
जन्मभर मी रविवार पेठेत
एका तोंडानं दोन्ही तऱ्हेनं मोजत आलो,
आणि कधी अडखळलो नाही.
'आइन-उंट-स्वान्झिग'ला मात्र जीभ टाळूला चिकटते.

हत्यारं सिद्रायला दिली.
रंधा, पटाश्या, गोल कोरायचा सेट.
तो म्हणाला, तुम्ही येस्तोवर धार लावून ठेवतो.
येस्तोवर म्हणजे किती,
त्यानं विचारलं नाही.

काल कडोलीला सासूबाईंकडं गेलो.
त्या सूप घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.
'जावयाची वटी भरत न्हाईत, खरं...'
आमच्यात 'पण'ला 'खरं' म्हणतात.
पुण्याच्या माणसाला वाटतं वाक्य संपलं.
आम्ही थांबतो,
पुढचं आता येणार म्हणून.
पुढचं आलंच नाही.
त्यांनी माझ्या हातांत नारळ ठेवला.
शर्टाला पदर नसतो,
तांदूळ मी खिशात घेतले.
बसमध्ये तिकिटाचे पैसे काढताना
दाणे सांडत राहिले, कंडक्टर बघत राहिला.

बॅग तेवीस किलोची.
सांडगी मिरची दोनदा आत गेली, दोनदा बाहेर आली.
पट्टी मात्र पँटच्या घडीत सरकवली.
वैजयंता फोनवर म्हणाली, ती कशाला?
इथं तुला लगेच कोण काम देणार?
मी विचारलं, थंडी किती आहे?
उणे चार.
मग लागेल, म्हणालो.
ती हसेल असं वाटलं होतं.
ती बराच वेळ बोललीच नाही. मागं कुठलीतरी घंटा वाजत होती.
पट्टी तिला ठाऊक आहे.
लग्नानंतर खोलीतलं कपाट मी घाईत
त्याच पट्टीनं मापलं होतं.
दार केसभर मोठं झालं,
अजून लागत नाही.
'जायच्या आधी ते दार तेवढं घासून घे,'
म्हणाली, आणि पाळीवर गेली.

रंधा सिद्रायकडं आहे.
कपाटात तिच्या तीन साड्या आणि माझा लग्नातला कोट,
आणि दार
तसंच, बोटभर उघडं.