साखर पेठेत उतरणारा

सात वर्षं मी साखर पेठेत उतरलो.
घर कन्ना चौकात.
'स' मला सोडतो, 'क' धरून ठेवतो,
एवढंच कारण.

अक्कलकोट रोडवरून शेअर रिक्षा सुटली
की कोपऱ्यात दबून मी म्हणायचो, साखर पेठ,
पटकन, खोटं नाणं पुढं सरकवल्यासारखं,
आणि आपलाच बोळ डाव्या हाताला
मागं जाताना बघायचो.
मग अकरा मिनिटं उलटं चालत यायचं.

कॉफी आवडते, चहा मागतो.
कडक भाकरी काचेआड दिसते, बोट दाखवतो.
नाव कृष्णहरी. सांगताना नुसतं हरी.
कारखान्यात बरं असतं. माग चालू झाले
की सगळेच हातवारे करतात,
आठ तास मी इतरांसारखा.

घरी आई विड्या वळत बसलेली.
मी क् म्हटलं की तीच म्हणते,
कूरा? थांब, वाढते.
मला कात्री हवी असते.
प्रेमानं वाढलेली ती भाजी
किती वेळा मी भरल्या पोटी खाल्ली.

रात्री दहाला आम्ही आठ जण फोनवर येतो.
चेहरे नाहीत, नुसते आवाज.
गडहिंग्लजच्या शेवंताताई, शाळेत शिपाई.
हिंगणघाटचा रेहान, लोकांचे मोबाइल दुरुस्त करतो,
स्वतःचा वाजला की उचलत नाही.
जालन्याचे एक वकील,
तीन महिने झाले, आडनाव अजून सांगून व्हायचंय.
आम्हाला घाई नाही.
नियम एकच:
कुणी कुणाचा शब्द पुरा करायचा नाही.

पहिले वीस दिवस मी फक्त ऐकलं.
अडखळणं बाहेरून कसं ऐकू येतं
हे मला माहीतच नव्हतं.
वाटायचं, भिंत कोसळल्यासारखं असेल.
तसं काही नाही.
कुणीतरी अंधारात किल्ली चाचपतंय,
इतकंच.

एकविसाव्या रात्री गच्चीवर गेलो,
पाण्याच्या टाकीला पाठ लावली
आणि क् वर अडकलो.
आठ गावांत शांतता.
हिंगणघाटला एक कुत्रं भुंकलं,
रेहाननं त्याला हळूच हाकललं.
कृष्णहरी, म्हणालो मी.
चाळीस सेकंद तरी गेले असतील.
शेवंताताई म्हणाल्या, हं, पुढं?

पुढं?
तिथवर मला कधी कुणी येऊच दिलं नव्हतं.
मग टॉवेलचं सांगितलं. धागा तुटला
की माग आपोआप थांबतो,
आपण गाठ मारायची, परत चालू करायचा.
अंग पुसणाऱ्याला ती गाठ लागत नाही.
एवढं सांगताना माझा नऊ वेळा तुटला.
वकिलांनी विचारलं, गाठ कशी मारतात?
विचारायलाच पाऊण मिनिट,
आणि हातात धागा नसताना ते समजवायला
पुढचा एक तास.

काल संध्याकाळी रिक्षावाला म्हणाला,
कुठं उतरणार बे?
मी क् धरला. टाकला नाही, बदलला नाही.
समोरचा माणूस बाहेर बघायला लागला.
शेजारची बाई मदतीला धावली, कुंभार वेस का ओ?
मी मान हलवली, नाही.
बोळ आला.
बोळ गेला.
आमच्या गॅलरीत वाळणारी निळी लुंगीसुद्धा गेली.
कन्ना चौक, म्हणालो मी, अख्खा.
त्यानं आरशात बघितलं.
आता सांगलालास व्हय? साखर पेठ आली की.

उतरलो. पैसे दिले.
तोच उलटा रस्ता, तीच अकरा मिनिटं,
मध्ये थांबून एक कॉफी प्यायलो म्हणून वीस.

दहा वाजता हे सांगितलं
तर रेहानला हसून ठसका लागला,
मग वकील हसले, मग मी.
शेवंताताई तेवढ्या गंभीर.
त्या म्हणाल्या, उद्या जरा आधी सुरू कर,
शांती चौकापासूनच.