सात किलोमीटर

सात किलोमीटर. बरोबर लाकूडगिरणीपर्यंत,
जिथे ओरावा नदी रस्त्याला खेटून वळते,
तिथे बाबांची जावा आधी खोकते,
मग भर बोलण्यात शब्द विसरल्यासारखी
गप्प होते.

तीन शनिवार झाले.
कोर्नेल आता वाटच बघत असतो,
भुसा झटकत बाहेर येतो,
करवतीच्या वर ओरडतो, "टपाल आलं!"
टपाल बाबा वाटायचे.
मी फक्त बंद पडते.

मग मी टाकीचं झाकण उघडते, आत डोकावते.
पेट्रोल आहे. तेल मिसळलेलं, निळसर, भरपूर.
झाकण लावते. किक मारते. चालू.
घराच्या फाटकापाशी पुन्हा तोच खोकला.

निदान गावात प्रत्येकाकडे आहे.
कोर्नेल म्हणतो, प्लग.
फादर आल्बीन आवाज खाली आणून म्हणतात, कॉइल
(तरुणपणी त्यांच्याकडेही एक होती).
ब्रातिस्लाव्हाहून भाऊ फोनवर:
झ्लातित्सा, विकून टाक.

शुक्रवारी रात्री शेडमध्ये दिवा टांगला.
टाकीचं झाकण काढून खिडकीत ठेवलं,
कॉकची नळी सोडवून खाली बरणी धरली.
धार अशी, की बरणी मिनिटात भरली.
कॉक निर्दोष.
कॉकखालच्या वाटीत चिमूटभर गंज. जाळी धुतली.
कार्ब्युरेटर उतरवला.
फ्लोट कानाशी हलवला, खळखळला नाही,
म्हणजे बुडत नाहीये.
जेट दिव्यासमोर धरला:
पलीकडे उजेडाचा एवढासा ठिपका.
"तार घालायची नाही," बाबा बजावायचे,
"भोक एकदा मोठं झालं की तिला कायमची तहान लागते."
म्हणून त्यांच्याच रंगाच्या ब्रशातून
एक केस उपटला आणि आरपार फिरवला.
सगळं परत जोडलं. एक वॉशर उरला.
तो नेहमीच उरतो.

चौथा शनिवार. सात किलोमीटर.

त्या दिवशी गिरणी बंद होती,
कोर्नेल पायरीवर बसून पात्याच्या दातांना कानस लावत होता.
तो टपाल वगैरे काही म्हणाला नाही.
मी सवयीने झाकण फिरवलं
आणि पहिल्यांदाच ऐकू आलं:
हुश्श.
बाहेर नाही. आत.
टाकीने श्वास घेतला.

कोर्नेलची कानस थांबली.

म्हणजे मी बघत होते, पेट्रोल आहे का,
आणि बघण्यानेच ती बरी होत होती,
पुढच्या सात किलोमीटरपुरती.

झाकण उलटसुलट केलं.
जिथे खसखशीच्या दाण्याएवढं भोक हवं
तिथे रंग. चेरीसारखा लाल, चकचकीत.
गेल्या ऑक्टोबरात बाबांनी रंगवलं होतं सगळं:
टाकी, मडगार्ड, नटसुद्धा, आणि हे झाकण.
हात थरथरायचा, म्हणून प्रत्येक जागी दोनदा.
त्यानंतर ते तिच्यावर बसलेच नाहीत,
मग ती तक्रार तरी कोणाकडे करणार?

कोर्नेलच्या टोपीला मासे धरायचा गळ टोचलेला असतो.
तो त्याने काढून पुढे केला.
मी घेतला. पण लगेच टोचवेना.
रंगात, अगदी भोकाच्या कडेला,
ब्रशचा एक केस अडकला होता,
वाळून घट्ट झालेला, माझ्याकडच्या केसाचा भाऊ.
तो तसाच राहू दिला.
त्याच्या बाजूने गळ हळूच दाबला.
लालीचा कण तुटून पडला,
बोटावर बसला, फुंकरीने गेला.

कोर्नेल म्हणाला, "मी प्लग म्हणालो होतो."
मी म्हटलं, "हो. बूच या अर्थाने बरोबर."

आठव्या किलोमीटरवर विशेष काही नाही.
बसथांबा. बटाट्याचं शेत. कुंपणावर वाळत घातलेली चटई,
आणि टपालाची एक पेटी, तिचं तोंड उघडं.
मी थांबले. मी, ती नाही.
इंजिन माझ्या हाताने बंद केलं,
मग खाली वाकून कॉकही,
जसा ते प्रत्येक दारापाशी करायचे,
कोणी चहाला आत बोलावलंच तर, म्हणून.