इनासच्या गॅरेजात

दोन वर्षांत हिनं एकदासुद्धा कुरकुर केली नाही,
असं मी स्टाफरूममध्ये सांगायचे.
धाकू मोरजकराकडून घेतलेली वॅगनार,
दोन हजार सातची, चिकूच्या सालीच्या रंगाची,
मागच्या काचेवर अजून त्याच्याच कुळदेवाचं स्टिकर.

मग परवा मयेच्या चढावर
तिला उचकी लागली.
एक. मग तीन. मग मी मोजायचं सोडलं.
मागे खाणीचा ट्रक हॉर्नवर झोपलेला
आणि डॅशबोर्ड स्वच्छ,
गृहपाठ न केलेल्या पोरासारखा
सरळ समोर बघणारा.

अस्नोड्याला इनासनं बॉनेट उघडलंच नाही.
आधी माझ्या सीटवर बसला,
चावी अर्धी फिरवली
आणि बोटानं मोजू लागला:
तेलाचा. बॅटरीचा. ब्रेकचा.
"टीचर, चावी फिरवली की सगळे पेटतात,
इंजिन चालू झालं की आपापले विझतात.
हांगाचो एक खंय गेलो?"

वीस वर्षं हजेरी घेतेय मी.

चार स्क्रू काढले, मीटरची काच मांडीवर आली.
आत काळ्या टेपचा तुकडा,
नखाएवढा,
कात्रीनं कोपरे गोल केलेले.
घाईचं काम नव्हतं ते.
कुणीतरी चष्मा लावून, श्वास धरून
बसवला होता.

इनासनं तो सोलला
आणि पिवळं इंजिन उजळलं,
बाहुलीच्या भातुकलीतल्या किटलीएवढं.

स्टीअरिंगखाली त्यानं एक तार खोचली.
हातातल्या खोक्यानं चार आकडे दाखवले.
तिसरा सिलिंडर मधेच पेटत नाही,
धुराचा वास घेणारा सेन्सर मेलाय, कधीचाच,
म्हणून पेट्रोल पिते ही उगाच.
प्लग आणि कॉइल आज बदलतो.
सेन्सर मडगावहून यायचा, बिरेस्तारा.

"गुरुवारपर्यंत दिवा असाच?"

"असूं दे. नुसता पेटलेला आहे तर चालव, सावकाश,
चढावर दाबू नको, गरमीच्या काट्याकडे बघ.
लुकलुकला तर मात्र बाजूला घे. बंद कर. मला फोन कर.
घर समोर दिसत असलं तरी."
मग खोक्याच्या बटणावर अंगठा ठेवून:
"नाहीतर पुसून देतो. जाईल दिवा.
दोन दिवस, तीन दिवस."

धाकूला लावायला मी मोबाईल काढला होता.
नाव सापडलंही होतं.

जुन्या शाळेत पटावर बारा मुलं होती.
अकरा झाली तर वर्ग शेजारच्या गावात हलणार होता.
त्या सप्टेंबरात सुरंगा गावस
आईबरोबर दोडामार्गाला गेली, कायमची,
आणि मी महिनाभर, साहेब येऊन जाईपर्यंत,
तिच्या नावापुढे रोज खूण केली.
निळं पेन. रेघ तिरकी, इतरांसारखीच,
कधी मुद्दाम थोडी फिकट.
शाळा पुढच्या जूनमध्ये बंद झालीच.

मोबाईल पर्समध्ये टाकला.
"नको पुसू," म्हटलं.

टेपचा तुकडा इनासच्या बोटाला चिकटून राहिला होता.
त्यानं तो पँटीला पुसला
आणि प्लगचं पाकीट दातानं फाडलं.

परतताना चाळिसाच्या वर गेले नाही.
तळ्यापाशी डिचोलीची बस पुढे काढून गेली,
कंडक्टरनं वाकून बघितलं, काय झालं म्हणून.
किटली पेटलेली. हलत नव्हती.
दर वळणावर मी रस्त्याआधी तिच्याकडे बघत होते,
जे बरं नाही, मला माहीत आहे.

घरी आल्यावर इंजिन बंद केलं
आणि चावी पुन्हा अर्धी फिरवली.
तेलाचा.
बॅटरीचा.
ब्रेकचा.
इंजिनाचा.
मोठ्यानं म्हटलं असावं,
कारण कुंपणापलीकडून फिलूनं विचारलं,
बाई, कोणाशी बोलता?

गुरुवारची अर्धी रजा
अजून टाकायची होती.