गुरुवारचं व्याख्यान

पुंता अरेनासचा वारा दार उघडू देत नाही,
तरी सतराजण आलेत.
त्यातले चौघं बहुधा हीटरसाठी.

बार्रियाबाईंनी पडद्यावरचा आलेख
मध्येच सोडला,
बर्फाचा खडा पहिल्या रांगेत दिला :
"कानाशी धरा."

कोंडलेली हवा तडतडत सुटते,
अकरा हजार वर्षांपूर्वीची.

मेंढ्या कातरणारा म्हातारा ओयार्सो
खडा पुढे देईचना.
मागचे खाकरले.
"काय म्हणतोय एवढं?"
"थांबा हो. त्याचं संपलं नाही अजून."

मग प्रश्नोत्तरं. बिस्किटं पुरली नाहीत.

खुर्च्या सरकवून एलियाना
फरशीवरचं थारोळं टिपते,
फडकं पिळते,
आणि बादली उचलून
मोरीपाशी नुसतीच
उभी राहते.