दृश्य : दहापैकी

डुलुथला नोव्हेंबरात साडेचारलाच दिवस आटोपतो.
सरोवरावरचा वारा कॉलेजचं काचेचं दार
धरून हलवत राहतो,
उशिरा आलेल्या विद्यार्थ्यासारखा.

वर्ग एकशे चौदा. विषय : लेखन आणि तंत्रज्ञान.
सप्टेंबरात मीच फळ्यावर लिहिलं होतं :
पाच मिनिटं. आवाज, चित्र, शब्द, तिन्ही हवेत.
आपल्या आयुष्यातलं एक यंत्र निवडा
आणि त्याच्याबद्दल खरं सांगा.
‘खरं’खाली दोन रेघा ओढल्या होत्या.
तेव्हा खडू हातात होता, सोपं वाटलं.

आता चोवीस फायली. त्यातल्या सहा उघडतच नाहीत.
एकानं नुसता पत्ता पाठवलाय, फाइल त्याच्याच घरी.
ब्रायसननं बंदरातल्या उचलपुलावरून ड्रोन उडवलं,
मागं संगीत इतकं भव्य
की पुलालाच अवघडल्यासारखं व्हावं.
‘खरं कुठाय?’ असं मी लिहिते, पुसते,
‘छान’ लिहिते.

केल्सीनं आजवरचे सगळे पासवर्ड ओळीनं मांडले :
आधी कुत्रा. मग कुत्रा आणि एक.
मग कुणी ट्रेव्हर, उद्गारचिन्हासकट.
मग ट्रेव्हर, उद्गारचिन्हाशिवाय.
मग नुसते आकडे, बरेच महिने.
शेवटी पुन्हा कुत्रा, जो आता नाही.
वर्ग हसला. मीही हसले.
घरी येताना गाडीत
माझे जुने पासवर्ड एकेक करून आठवायला लागले
तेव्हा मी रेडिओ लावला.

पाकूच्या आईला लिहिता-वाचता येत नाही.
ती सेंट पॉलहून लेकीला रोज आवाज पाठवते.
पाकूनं त्यातले अकरा घेतले, खाली इंग्रजीत ओळी दिल्या :
जेवलीस का.
टायरमधली हवा बघ.
मावशीचा गुडघा बरा आहे, मावशी नाही.
सातव्यात आई खूप वेळ बोलते, मध्ये हसते,
आणि खाली एवढंच येतं :
‘इथं आई काहीतरी सांगते. मला तेवढं ह्मोंग येत नाही.’
पडद्यावर खिडकी. खिडकीत बर्फ.
‘भाषांतर पूर्ण करावे’ असा शेरा
मी अर्धा लिहिला होता.

व्हर्लिन सोलबर्ग, वय एकसष्ट.
तीस वर्षं गोदीवर जहाजांत लोहखनिज भरलं,
गोदीनं सोडलं तेव्हा कॉलेजात आले.
माउस अजून असा धरतात,
सुटला तर पाण्यात पडेल जणू.
त्यांची फाइल पहिल्या झटक्यात उघडली.
पडदा काळा.
पाच मिनिटं काळा.
आवाज येतो : घरघर, फुसकारा, टक्.
घरघर, फुसकारा, टक्.
मध्ये कुणीतरी कूस बदलतं.
चौथ्या मिनिटाला एक बाई झोपेत म्हणते,
‘दिवा बंद कर ना, व्हर्ल.’
दिवा बंदच असणार.
शेवटी एक पांढरी ओळ :
ऑक्सिजनचं यंत्र. भाड्याचं.
कंपनीनं एकोणीस मार्चला परत नेलं.

तास संपल्यावर मी विचारलं,
कॅमेऱ्यावर बोट आलं होतं का?
‘नाही,’ ते म्हणाले. ‘रात्र होती.’
कोटाची चेन अडकली होती, ती सोडवत राहिले.
‘तुम्ही खरं म्हणाला होतात ना,
म्हणून उजेड नाही घातला.’

कॉलेजचा तक्ता माझ्यासमोर उघडा आहे.
आवाज, दहापैकी. शब्द, दहापैकी.
दृश्य, दहापैकी.
दहा लिहिले, तर ती दया दिसते.
आठ लिहिले, ते त्याहून वाईट :
दोन कशाचे कापले, बाई?
शून्य तर हातूनच उतरत नाही.
चौकट रिकामी सोडली की ती लाल होते
आणि पुढं जाऊ देत नाही.

उद्या सोमवार. ब्रायसनला सांगायचंय,
पूल एकदा पायी ओलांडून ये,
जहाज येईपर्यंत थंडीत थांब, मग बोलू.
पाकूला काहीच सांगायचं नाही.
सहाजणांना : फाइल पुन्हा पाठवा.

साडेबारा झालेत. खोलीतला दिवा मी बंद केलाय.
ती चौकट अजून लाल आहे,
तेवढ्या उजेडात कीबोर्ड दिसतो.