बारीक

जाड भुशाशी माझं भांडण नाही.
तो पडतो, पायाशी बसतो, बुटात शिरतो,
मेरिन त्याची पोती वाफ्यांवर रिकामी करते
आणि मला सांगते की लोण्यातही तोच लागतो.

भांडण आहे ते बारकाशी.

परवा पत्र्यातल्या खिळ्याच्या भोकातून
उन्हाची एक सळई शेडमध्ये उतरली.
यंत्र बंद करून मला अर्धा तास झाला होता,
चहा झाला होता, कप विसळून झाला होता,
आणि तो अजून तरंगत होता,
निवांत,
जणू शेड त्याची आणि मी पाहुणा.

ब्लॅकवूडचा होता.
आमच्या ह्युऑन खोऱ्यातलं देखणं लाकूड,
रंध्याखाली मधासारखं उघडतं.
अ‍ॅम्ब्रोज पायबसने गिरणीत बत्तीस वर्षं तेच कापलं.
आता घराच्या जिन्यात तीनदा थांबतो.
विचारलं तर म्हणतो,
दम नाही लागला, नदी बघत होतो.
त्याच्या जिन्यातून नदी दिसत नाही.

म्हणून माहितीपत्रकं आणली.
तीन मीटर बाय पाचची शेड,
त्यात बँडसॉ, प्लेनर, घोड्यांवर अर्धी होडी,
आणि उरलेल्या जागेत मी, पोट आत घेऊन.
होबार्टच्या दुकानातला पोरगा म्हणाला, मोठंच घ्या.
मोठ्याला पंधरा अँपियरचं सॉकेट लागतं.
माझं दहाचं आहे, माझ्यासारखंच,
जास्त ओढलं की बसतं.
छोटा व्हॅक्यूम, त्याच्या आधी चक्रीवाली बादली:
सँडरपुरता ठीक,
पण प्लेनरचे ढलपे नळीत गेले की
त्याच्या नाकी नऊ येतात.
मधलं होतं ते कापडी पिशवीचं.
ते चार दिवस वापरायला आणलं.

अ‍ॅम्ब्रोज बघायला आला.
बोलला काहीच नाही. आपला काळा स्वेटर काढून
पिशवीजवळच्या खिळ्याला टांगला,
म्हणाला, चालव.
दहा मिनिटांत स्वेटर म्हातारा झाला.
ढलपे पिशवीत ठेवून घेतलेले,
बारीक सगळं पुन्हा माझ्याकडे परत.
डोळ्यांत धूळ फेकणं म्हणतात ते हेच,
वर पावती आणि दोन वर्षांची हमी.

परत द्यायला निघालो तर म्हणाला, थांब.
यंत्र वाईट नाही. आत आहे, एवढंच वाईट.
आणि मागच्या भिंतीवर बोटाने टकटक केलं.

भिंतीपलीकडे जुना संडास आहे,
माझ्या सासऱ्यांनी बांधलेला,
वीसेक वर्षं फक्त कोळ्यांच्या उपयोगाचा.

दोन शनिवार गेले.
भिंतीला भोक, नळी आखूड ठेवली,
एकच वळण, तेही मोठं,
कारण वाऱ्यालाही कोपऱ्यावर वळायचा कंटाळा असतो.
संडासाची खिडकी रिकाम्या कुरणाकडे उघडते.
मास्क तरीही लावायचा, हे मेरिनने
खडूने दारावर लिहिलं, अक्षर मुद्दाम मोठं.

बटण दाबलं.
भिंतीपलीकडे कुणीतरी पुटपुटावं तेवढाच आवाज.
वल्ह्याची फळी प्लेनरमधून गेली,
बंद केलं, सळईकडे पाहिलं.
नुसतं ऊन.

मग घोट्यांना काहीतरी चावलं.
थंडी. दाराखालच्या फटीतून
जुलैचा वारा शिट्टी मारत आत येत होता.
जेवढं बाहेर काढाल तेवढं कुठून तरी आत येणार,
हे एकाही माहितीपत्रकात छापलेलं नव्हतं.
मी फटीत गोणपाट कोंबायला वाकलो.

कोंबू नकोस, अ‍ॅम्ब्रोज म्हणाला,
त्याला श्वास लागतो.
उठला, दार वीतभर उघडलं,
त्यात भुशाचं पोतं अडकवलं,
आणि स्टूल ओढून चौकटीपाशी बसला,
भुरक्या स्वेटरची बटणं लावत.

बराच वेळ गेला. मी वल्हं घासत राहिलो.
तो म्हणाला,
इथून दिसते की रे.