वस्तरा

गाळण्याच्या पायथ्याशी धुडकू न्हाव्याचं दुकान,
एक खुर्ची, पारा उडालेला आरसा.
आता जिल्हा नाशिक, तालुका मालेगाव.
तेव्हा खानदेशाकडं तोंड, दख्खनकडं पाठ,
की उलटं? ज्याचं ठाणं वर, तो ठरवी.

धुडकूच्या घराण्याला सनावळी ठाऊक नाही,
दाढ्या तेवढ्या पाठ:
बऱ्हाणपूरची टोकदार, नगरची मेंदी लावलेली,
मोगलांच्या माणसांना पाणीही अत्तराचं लागे,
मराठ्यांची घाई, कल्ले राखून, पैसे उद्या.
गोऱ्यांनी मात्र आपला वस्तरा आणलेला.
तेव्हाच कळलं म्हणे, हे मुक्कामाला आलेत.

"आणि दरवाजा फुटायचा तेव्हा?"
"दरवाजा वर शे. खाले दुसरा दिन रांग."

मी मान मागे टाकून बसलेलो.
प्रत्येकाचा गळा असाच इथे,
पातं घाटीवर येऊन थांबलेलं.
एकदाही जोर दिला नाही कुणी?

धुडकू पातं पुसतो तळहातावर.
"पोरे व्हतात घरमा," म्हणतो,
"अन् हात थरथरना ते धंदा बसस."

मग हनुवटीखालचा राहिलेला एक केस
दोनदा शोधतो.